कोमात आहेत म्हणजे नक्की काय? आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्यांसाठी

घरातलं माणूस आयसीयूत आहे, डोळे उघडत नाही, हाक मारली तर ओ देत नाही, की तासाभरात नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज पडतो, "काका कोमात गेलेत." आणि बाहेर बसलेल्या दहा जणांच्या डोक्यात त्या एका शब्दाचे दहा अर्थ असतात. कुणाला गाढ झोप वाटते, कुणाला वाटतं संपलंच आता, कुणाला सिनेमातला तो सीन आठवतो, कुणीतरी येऊन हात धरतं, बोट हलतं, डोळे उघडतात आणि पहिला डायलॉग "मी कुठे आहे?" आत डॉक्टर मात्र भलतंच काहीतरी मोजत असतात. बाहेरच्यांची जी दशा होते त्यात दुःख तर असतंच, पण बराचसा त्रास याचा असतो की समोर जे दिसतंय ते वाचता येत नाही. पापणी हलली हे चांगलं का वाईट तेच कळत नाही आणि विचारायचं कुणाला तेही नाही. म्हणून हे जरा पसरट लिहितोय.

आधी एक घोळ सोडवू. "व्हेंटिलेटरवर आहेत", "सेडेशनवर ठेवलंय" आणि "कोमात आहेत" या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. व्हेंटिलेटर म्हणजे श्वासाचं मशीन, त्यावर असलेला माणूस पूर्ण जागाही असू शकतो, पाटीवर लिहून पाणी मागणारे पेशंट असतात. सेडेशन म्हणजे औषधाने झोपवून ठेवणं, कारण घशात नळी घेऊन शांत पडून राहणं बहुतेकांना जमत नाही, शिवाय मेंदूला सूज असेल तर त्याला मुद्दाम शांत ठेवायचं असतं. फेंटानिल, मिडॅझोलाम, प्रोपोफॉल ही नावं सिरिंज पंपावर दिसतील. आणि कोमा म्हणजे औषध नसतानाही मेंदू स्वतःहून जागा होत नाही ती अवस्था. हे तिन्ही एकाच वेळी असू शकतं, आणि मग तर डॉक्टरलाही औषध उतरेपर्यंत खरं चित्र कळत नाही. किडनी किंवा लिव्हर नीट चालत नसेल तर ही औषधं अंगातून जायला दिवस लागतात. त्यामुळे आत गेल्यावर पहिला प्रश्न "शुद्धीवर कधी येतील" हा विचारण्याऐवजी "सेडेशन चालू आहे का, बंद केलं असेल तर कधीपासून" हा विचारा. निम्मा गोंधळ तिथेच कमी होतो.

आता मेंदूत काय होतं ते. आपण जागे राहतो ते मेंदूच्या देठातल्या, म्हणजे ब्रेनस्टेमच्या वरच्या भागातल्या एका जाळ्यामुळे, ते जाळं वरच्या दोन्ही अर्ध्या मेंदूंना सतत ढोसत असतं, उठ म्हणून. कोमा व्हायला एकतर ते जाळं बिघडावं लागतं नाहीतर वरचे दोन्ही अर्धे एकदम बंद पडावे लागतात. म्हणून अर्धांगवायूचा लहान झटका आलेला माणूस सहसा बेशुद्ध होत नाही, पण तोच झटका मोठा असेल आणि सूज येऊन ब्रेनस्टेम दाबला गेला तर दोन दिवसांनी होतो. "आले तेव्हा तर बोलत होते हो, इथे आणल्यावर बिघडलं" असं बाहेर जे बोललं जातं ना, त्यातल्या बऱ्याच केसेसमागे ही सूज असते. कवटी बंद, आतला मेंदू फुगला तर जायला जागा नाही. काही वेळा कवटीचा तुकडा काढून ठेवतात तो यासाठीच, आणि डोक्यावर पट्टी बांधून "येथे हाड नाही" अशी सूचना लिहिलेली पहिल्यांदा बघितली की घरच्यांच्या पोटात गोळा येतो, कुणीतरी आधी सांगायला हवं असतं.

कारण काय आहे यावर पुढचं सगळं ठरतं आणि लोक नेमकं तेच विचारायचं विसरतात. बाइकवरून पडून डोक्याला मार, ब्रेन हॅमरेज, हार्ट बंद पडून मेंदूला मिनिटंच्या मिनिटं ऑक्सिजन न मिळणं, मेंदूज्वर, साखर किंवा सोडियम फार खाली जाणं, विषबाधा. साखर खाली गेल्यामुळे बेशुद्ध झालेला माणूस वेळेत ग्लुकोज मिळालं तर काही मिनिटांत डोळे उघडतो. तरुण मुलाच्या डोक्याला मार लागलेला असेल तर सुधारणा महिनोन्महिने चालू राहू शकते, वर्षभराने आणि त्याच्या पुढेही. ऑक्सिजन तुटल्यामुळे झालेला कोमा त्या मानाने कठीण. तेव्हा "अमक्याचा भाऊ चाळीस दिवसांनी उठला" ही गोष्ट ऐकवायला येणाऱ्याला आधी विचारावं, त्याला झालं काय होतं?

आणि एक गोष्ट खास आपल्या गावाकडची, मण्यार चावलेला पेशंट. मण्यारीचं विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडतं, त्यामुळे पापणीसुद्धा उचलता येत नाही, श्वास बंद, बाहुल्यासुद्धा उजेडाला आकसत नाहीत, बघणाऱ्याला वाटावं की गेलाच. पण मेंदू शाबूत असतो आणि आतला माणूस कॉटशेजारची रडारड ऐकत असू शकतो. व्हेंटिलेटर, सर्पविषाची लस आणि काही दिवसांचा वेळ मिळाला तर असे पेशंट चालत घरी जातात. तो दिसतो कोमासारखा, कोमा नसतो. म्हणजे नुसत्या बघण्याने ठरवू नये हे आलंच.

जीसीएस. हा शब्द तिसऱ्या दिवसापर्यंत घरातल्या आजीलाही पाठ होतो. ग्लासगो कोमा स्केल, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली काढलेली मोजपट्टी. डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, एकूण १५. सगळ्यात कमी ३, शून्य नसतोच, कारण प्रत्येक रकान्यात किमान १ द्यायचाच असतो. ८ किंवा त्याखाली असला तर साधारण कोमा म्हणतात. लोक याचे परीक्षेसारखे टक्के काढतात, काल ५ होता आज ६ झाला म्हणजे सात टक्के सुधारणा, आणि तसा मेसेजही फिरतो. तसं नसतं ते. घशात नळी असेल तर बोलण्याचे मार्क देताच येत नाहीत, तिथे "टी" लिहितात, म्हणजे आकडा मुळातच अर्धवट. एकूण आकड्यापेक्षा हालचालीचा आकडा बघा, तो जास्त बोलतो.

त्यासाठी डॉक्टर चिमटा काढतात, खांद्याजवळ दाबतात, नखावर पेन दाबतात. घरच्यांना ते बघवत नाही, "अहो दुखतंय त्यांना" म्हणून अंगावर धावून जाणारे मुलगे असतात. पण चिमट्याच्या जागेवर हात आणून तो झटकायचा प्रयत्न केला तर ती फार चांगली खूण असते, म्हणजे दुखतंय कुठे हे मेंदूने ओळखलं आणि हाताला नेमकं तिथे पाठवलं. नुसता हात मागे घेतला तर त्याखाली. हात कोपरात वाकून छातीवर आखडला तर आणखी खाली, आणि दोन्ही हात ताठ होऊन आत वळले, पायही ताणले गेले, तर ते जवळजवळ तळाला. आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, बाहेरून बघणाऱ्याला हेच ताणलं जाणं मोठ्या हालचालीसारखं दिसतं आणि बायको बाहेर येऊन आनंदाने सांगते, "आज खूप हात पाय हलवले!" डॉक्टरचा चेहरा का पडला ते तिला कळत नाही.

हात धरल्यावर बोटं आवळणं याच्याइतकी तर दुसरी कुठलीच गोष्ट घरच्यांना वर नेऊन खाली आपटत नाही. तळहाताला काही लागलं की मूठ मिटणं हा रिफ्लेक्स आहे, तान्ह्या बाळात असतो, मोठेपणी मेंदू तो दाबून ठेवतो, मेंदूला इजा झाली की परत वर येतो. जांभई, डोळ्यातून पाणी, दात खाणं, नळी साफ करताना खोकणं, कण्हल्यासारखा आवाज, यातलं बहुतेक सगळं जाणिवेशिवाय होऊ शकतं. मग ओळखायचं कसं? सांगितल्यावर सोडतात का ते बघायचं. "हात दाब" म्हटल्यावर दाबला हे रिफ्लेक्सनेही होईल, "आता सोड" म्हटल्यावर सोडला, दोनदा, तीनदा, वेगवेगळ्या वेळी, तर त्याला अर्थ आहे. तसं काही दिसलं तर वेळ लिहून ठेवा, फोनवर शूट करायची परवानगी मागा आणि सिस्टरना दाखवा. घरच्यांना काही वेळा डॉक्टरांच्या आधी बारीक बदल दिसतो, कारण ओळखीच्या आवाजाला आधी प्रतिसाद मिळू शकतो, त्यामुळे "तुम्हाला भास होतोय" म्हणून ते सरसकट उडवून लावणाऱ्या डॉक्टरचं मला पटत नाही.

मग ते "७२ तास महत्त्वाचे". हा डायलॉग वाटतो पण त्यामागे काहीतरी आहे. मेंदूची सूज बऱ्याचदा पहिल्या काही दिवसांत वाढत जाऊन मग उतरायला लागते. आणि हार्ट बंद पडून परत चालू केलेल्या पेशंटमध्ये, पुढे काय होईल याचा अंदाज किमान ७२ तास उलटल्याशिवाय बांधू नये, आणि तोही एकाच तपासणीवर बांधू नये, असे नियमच आहेत. म्हणजे ७२ तास झाले की निकाल लागतो असा त्याचा अर्थ होत नाही. त्याआधी बोलणं चुकीचं, एवढाच. घरचे मात्र घड्याळ लावून बसतात आणि त्र्याहत्तराव्या तासाला कुणीच काही सांगत नाही तेव्हा वाटतं, लपवतायत. बहुतेक वेळा लपवत नसतात, खरंच माहीत नसतं. "सांगता येत नाही" हे डॉक्टरचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य असू शकतं आणि ऐकायला तेच सगळ्यात टाळाटाळीचं वाटतं.

आता दाराबाहेरचं.

बाहेर काय चालतं ते ज्यांनी काढलंय त्यांना सांगायला नको. दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं भेट, एका वेळी एकजण, चप्पल बाहेर, गाऊन, मास्क. बाकीचा सगळा दिवस मेडिकलची चिठ्ठी घेऊन वर-खाली, डिपॉझिट, रक्ताच्या बाटलीसाठी डोनर शोधणं, चार्जिंग पॉइंटसाठी भांडणं, कुणाकडून तरी आलेला डबा आणि तो खाताना लाजल्यासारखं होणं. स्पीकरवर पेशंटचं नाव घेऊन "नातेवाइकांनी आयसीयूजवळ यावं" म्हणतात तेव्हा त्या हॉलमधल्या प्रत्येकाच्या काळजाचा ठोका चुकतो आणि नाव दुसऱ्याचं निघालं की सुटल्यासारखं वाटतं, मग लगेच त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज वाटते. घरी आंघोळीला जायलासुद्धा पाय निघत नाही, मी गेलो आणि नेमकं तेव्हाच काही झालं तर. समोरच्या कॉटच्या पेशंटच्या घरच्यांशी दोन दिवसांत असं नातं जुळतं की सख्ख्या भावाशी बोलणार नाही ते त्यांच्याशी बोललं जातं.

या सगळ्याचा घरच्यांच्या तब्येतीवर होणारा परिणाम आता डॉक्टरी पुस्तकात आलाय. अमेरिकेतल्या क्रिटिकल केअरच्या लोकांनी २०१२ मध्ये त्याला नाव दिलं, "पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम, फॅमिली". झोप उडणं, सतत धडधड, उदासी, मॉनिटरच्या बीपसारखा कुठलाही आवाज ऐकला की दचकणं, आणि हे पेशंट घरी आल्यावर किंवा गेल्यावरही महिनोन्महिने टिकू शकतं. म्हणजे घरात एक पेशंट आहे असं आपण धरून चालतो, तिथे पुढे दोन-तीन होतात. नवरा आत असताना स्वतःच्या बीपीच्या गोळ्या बंद करून बसलेल्या बायका जवळपास प्रत्येक हॉस्पिटलच्या बाकावर सापडतील.

कोमात आणखी एक वेगळा पेच आहे. माणूस गेला तर रडायचं कसं, कधी, किती, याची आपल्याकडे रीत आहे, दहावा-तेरावा आहे, लोक येऊन बसतात. माणूस बरा झाला तर पेढे आहेत. इथे शरीर समोर आहे, गरम आहे, दाढी वाढतेय, नखं कापावी लागतायत, आणि माणूस भेटत नाही. पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांपासून सुरुवात करून अशा अर्धवट राहिलेल्या दुःखावर काम केलं, त्यातला दुसरा प्रकार हाच, देह हजर आणि मन गैरहजर. रडलं तर अपशकुन, "असं बोलू नकोस" म्हणून गप्प करतात, आणि हसलं तर लोक बघतात. बायकोने गळ्यातलं मंगळसूत्र चाचपत बसायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला "ठीक आहेत" म्हणायचं. कधीकधी मनात येतं की एकदाचं काय ते होऊन जाऊदे. हे मनात येतं म्हणून कुणी वाईट ठरत नाही, थकलेल्या माणसाच्या मनात येतंच ते, फक्त कुणी तोंडाने बोलत नाही.

डॉक्टरांशी बोलणं हा एक स्वतंत्र छळ आहे, दोन्ही बाजूंनी. फ्रान्समधल्या एका आयसीयूतला २००० साली छापून आलेला अभ्यास आहे, डॉक्टरशी बोलून बाहेर आलेल्या घरच्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना आजार काय, उपचार काय, पुढे काय हे नीट कळलेलंच नव्हतं. आपल्याकडे तर उभ्या उभ्या तीन मिनिटांत, निम्मं इंग्रजीत. "पेशंट स्टेबल आहे पण क्रिटिकल आहे" या वाक्यातलं घरचे "स्टेबल" तेवढं घेऊन बाहेर येतात. स्टेबल म्हणजे काल जिथे होता तिथेच आहे, बरा आहे असं नाही. आणि १९७९ मध्ये नॅन्सी मोल्टर या नर्सबाईंनी आयसीयूतल्या पेशंटच्या घरच्यांना तुम्हाला सगळ्यात जास्त काय हवं असतं ते विचारलं, तर सगळ्यात वर उत्तर आलं, आशा आहे असं वाटायला हवं. डॉक्टरला खोटं बोलायचं नसतं आणि घरच्यांना आशा हवी असते, या दोघांच्या मधे ती तीन मिनिटं लोंबकळत असतात.

माझं म्हणणं, घरातून एकच माणूस ठरवा जो डॉक्टरशी बोलेल, सोबत एकजण वही घेऊन. रोज तेच तीन प्रश्न. कालपेक्षा आज काय बदललं? आज तुम्ही कशाची वाट बघताय? तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते? तिसरा प्रश्न विचारला की डॉक्टर जरा थांबतो आणि खरं बोलायला लागतो असा अनुभव आहे. वही का म्हणाल तर संध्याकाळी आत्या, मावशी, मामा सगळ्यांना तेच सांगायचं असतं आणि प्रत्येक वेळी सांगताना थोडं बदलतं, रात्रीपर्यंत त्याचं भलतंच होतं. नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडनकडच्या आयसीयूंमध्ये तर नर्स आणि घरचे मिळून पेशंटसाठी डायरी लिहितात, आज तुला ताप होता, आज ताई भेटून गेली असं, कारण शुद्धीवर आलेल्या माणसाच्या आयुष्यातून ते सगळे दिवस गायब असतात आणि त्या जागी भलतीच भयंकर स्वप्नं असतात.

नातेवाईक हा विषय सोडून चालणार नाही. रोज चोवीस तास बाकावर असलेली सून गप्प असते आणि न्यू जर्सीहून आलेला मुलगा विमानतळावरून थेट येऊन विचारतो, एमआरआय का नाही केला, मोठ्या हॉस्पिटलला का नाही हलवलं. हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्याला "कॅलिफोर्नियातली मुलगी" असं नाव ठेवलंय, १९९१ साली त्यावर पेपरही आला, आणि कॅलिफोर्नियातले डॉक्टर म्हणे तिलाच न्यूयॉर्कची मुलगी म्हणतात. तो मुलगा वाईट नसतो, लांब राहिल्याची बोचणी त्याच्या तोंडातून प्रश्न होऊन बाहेर पडत असते, पण बाकावरच्या बाईला ते आरोपासारखं लागतं. जमलं तर त्याला पहिल्या दिवसापासून व्हिडिओ कॉलवर डॉक्टरच्या मीटिंगला घ्या, निदान अर्धं भांडण टळेल. आणि अंगारा, तीर्थ, मारुतीला तेल, महामृत्युंजयाचा जप हे सगळं होतच असतं, बहुतेक सिस्टर अंगाऱ्याची पुडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाशी ठेवू देतात. तोंडात तीर्थ मात्र घालू नका, गिळता न येणाऱ्या माणसाच्या ते फुप्फुसात जातं.

पैशाचं थोडक्यात, कारण ते प्रत्येकाचं वेगळं आहे. पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या समाजसेवकाला म्हणजे एमएसडब्ल्यूला भेटा, सेव्हिंग मोडल्यावर नको. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे हॉस्पिटल आणि हा आजार बसतो का ते विचारा. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या पेशंटसाठी राखीव ठेवायच्या असतात, निर्धनांना मोफत, दुर्बलांना सवलतीत. मागितल्याशिवाय सहसा कुणी आपणहून सांगत नाही.

"मेलेल्याला व्हेंटिलेटर लावून पैसे उकळतात" हे बाकावर हमखास ऐकू येणारं वाक्य. संशयाला जागाच नसते असं म्हणणार नाही, बिलं तशी असतात. पण शरीर म्हणून बघाल तर हार्ट बंद पडलेल्या माणसाला व्हेंटिलेटर चालू ठेवू शकत नाही, ते फक्त हवा ढकलतं. गोंधळ होतो तो ब्रेन डेडमुळे. ब्रेन डेड आणि कोमा यात जमीनअस्मानाचा फरक आहे. कोमात ब्रेनस्टेमचं काहीतरी काम चालू असू शकतं, माणूस परत येऊ शकतो. ब्रेन डेडमध्ये ब्रेनस्टेमच कायमचा गेलेला असतो, हार्ट स्वतःच्या तालावर चालतं म्हणून आणि मशीन श्वास देतं म्हणून छाती वर-खाली होत राहते. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांनी, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करून हे ठरवायचं असतं. त्यात एक ॲप्निया टेस्ट असते, ऑक्सिजन देत ठेवून मशीनचा श्वास काही मिनिटं थांबवतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढूनही छाती हलते का ते बघतात. यातून कुणी परत येत नाही. तेव्हा "ब्रेन डेड होता पण उठला" अशी बातमी वाचली तर समजा की ती टेस्टच झालेली नव्हती किंवा बातमीदाराने कोमालाच ब्रेन डेड म्हटलं.

आणि कोमा कायमचा टिकत नाही, हे कळल्यावर बऱ्याच जणांना धक्का बसतो. साधारण दोन ते चार आठवड्यांत माणूस एकतर जातो, एकतर शुद्धीकडे यायला लागतो, नाहीतर डोळे उघडतो पण जाणीव नसते. हा तिसरा रस्ता घरच्यांसाठी सगळ्यात क्रूर. इतके दिवस डोळे उघडण्याची वाट बघितलेली असते, डोळे उघडतात, झोपतात, परत उघडतात, आणि नजर आपल्यातून आरपार निघून जाते. याला व्हेजिटेटिव्ह स्टेट म्हणतात. केईएमच्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला, साखळीने गळा आवळल्याने मेंदूचा ऑक्सिजन तुटला, आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या तेव्हा बातम्यांत "४२ वर्षं कोमात" असं आलं. त्या कोमात नव्हत्या. डोळे उघडे असायचे, मऊ केलेलं अन्न तोंडाने घ्यायच्या. केईएमच्या नर्सच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं, आणि २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने त्यांचं अन्न थांबवायची मागणी फेटाळताना या सांभाळणाऱ्यांचं म्हणणं महत्त्वाचं मानलं.

त्याच निकालाने उपचार थांबवून माणसाला जाऊ देण्याचं दार किलकिलं झालं. ९ मार्च २०१८ ला घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या काळात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं, जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता आपण धडधाकट असतानाच लिहून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून ठेवता येतं. वेळ आली की हॉस्पिटलमधलं तीन डॉक्टरांचं मंडळ आणि त्यावर आणखी एक मंडळ मत देतं, घरच्यांची संमती घेतात आणि मॅजिस्ट्रेटला कळवतात. प्रत्यक्षात होतं काय तर "घरी घेऊन जा" म्हणतात, कागदावर "डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध" अशी सही घेतात आणि ती सही करणारा मुलगा आयुष्यभर ती सही डोक्यात घेऊन फिरतो. मला हे फार अन्यायाचं वाटतं. निर्णय सगळ्यांचा, सही एकाची. अशी वेळ आली तर "तुम्ही काय ठरवताय" या प्रश्नाला "बाबा स्वतः काय म्हणाले असते" असं वळवून सगळ्यांनी एकत्र बसून बोलावं, त्याने एकावर येणारा भार थोडा तरी वाटला जातो.

ऐकू येतं का? सगळ्यांचा प्रश्न. २००६ मध्ये केंब्रिजला एड्रियन ओवेन आणि त्यांच्या टीमने व्हेजिटेटिव्ह समजल्या गेलेल्या २३ वर्षांच्या एका मुलीला मेंदूचं स्कॅन करणाऱ्या मशीनमध्ये ठेवून सांगितलं, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर, आणि तिच्या मेंदूचा तोच भाग उजळला जो धडधाकट माणसाचा उजळतो. २०२४ मध्ये मोठा अभ्यास आला, सांगितलेलं काहीच न करणारे २४१ पेशंट, त्यातल्या ६० जणांचा मेंदू आतून सूचना पाळत होता. म्हणजे चौघांत एक. यातले बरेच जण इजा होऊन महिने उलटलेले होते, पहिल्या आठवड्यातल्या खोल कोमाला हे जसंच्या तसं लागू होत नाही, सेडेशन जोरात असेल तर नाहीच. पण चौघांत एक हा आकडा एवढ्यासाठी पुरेसा आहे की कॉटशेजारी उभं राहून बिलाची, जमिनीची आणि "आता काही राहिलं नाही" ही चर्चा करू नये. स्वतःचं नाव सांगा, आज वार कोणता ते सांगा, कुठे आहेत आणि काय झालं ते सांगा, गायीने किती दूध दिलं, नातवाने काय उद्योग केला ते सांगा. दहाजणांनी एकदम हाका मारत हलवू नका.

उठणं कसं असतं तेही सांगून टाकतो. लाईट आल्यावर जुनी ट्यूब कशी फडफडते, लागते, विझते, परत लागते, तसं. आज सिस्टरकडे बघितलं, उद्या दिवसभर काही नाही, परवा मान हलवली. मधेच भ्रम होतात, सज्जन आजोबा घाणेरड्या शिव्या देतात, बायकोला ओळखत नाहीत, नळ्या ओढतात म्हणून हात बांधावे लागतात आणि ते बांधलेले हात बघून घरचे कोसळतात. हे बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. शिव्या मनावर घेऊ नका.

पुष्कळांना घरी आणतात ते मानेत श्वासासाठी ट्रॅकिओस्टॉमीची नळी, नाकातून पोटात अन्न देणारी राइल्स ट्यूब आणि लघवीची पिशवी अशा अवस्थेत. त्याआधी आयसीयूतून वॉर्डात आल्यावर जो दिलासा वाटतो तो पहिल्या रात्री उतरतो, कारण आयसीयूत एका पेशंटमागे नर्स होती, इथे तुम्हीच आहात. सक्शन मशीन म्हणजे नळीतला कफ ओढून काढणारं मशीन, एअर मॅट्रेस, वर-खाली होणारा बेड भाड्याने मिळतो, आधी फोन करून ठेवा. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, म्हणजे दोघांच्या पाळ्या लावाव्या लागतील किंवा केअरटेकर बघावा लागेल. आणि डिस्चार्जच्या दोन-तीन दिवस आधीपासून सिस्टरसमोर उभं राहून स्वतःच्या हाताने सक्शन करून बघा, नळीतून फीड देऊन बघा, देताना आणि दिल्यावर तासभर डोक्याकडची बाजू वर ठेवायची हे पाठ करून घ्या, घरातल्या निदान दोघांनी तरी, म्हणजे एकाला झोपता येईल.